सासूबाईंच्या हातातला तांब्या

पत्र : नमस्कार ताई. आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. भोर तालुक्यातल्या गावी त्यांनी चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. विडी-सिगारेट कधी नाही, मशेरी मात्र होती. दोन वर्षांपूर्वी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, निघाला. जानेवारीत पाच दिवस दवाखान्यात होत्या. घरी सोडताना डॉक्टरांनी पंप दिले, श्वास ओढून तीन रंगीत गोळ्या वर न्यायचं ते यंत्र दिलं आणि 'पल्मोनरी रिहॅब', म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांसाठीचा व्यायाम, 'सुरू करा' म्हणाले. आठवड्यातून दोनदा केंद्रात न्यायचं होतं. आम्ही दोघंही नोकरीला आणि तीन मजले उतरून-चढून त्या इतक्या दमायच्या की आठ दिवसांत ते सुटलं. आता त्या पलंगावरच असतात, संडास-बाथरूमपुरत्या उठतात. सगळं मी हातात देते. दोनदा चालायला लावलं तर धाप लागली आणि घाबरल्या. साताऱ्याच्या वन्सं फोनवर म्हणाल्या, 'आजारी माणसाला कामाला लावता का?' बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बसून असताना ऑक्सिजन ९४ दाखवतो. घरच्या घरी व्यायाम केला तर त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि धाप लागली म्हणजे फुप्फुसाला इजा होते का? — एक सून, कर्वेनगर

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर मनात पक्कं बसल्याशिवाय पहिल्याला हात घालता येणार नाही. धाप लागल्याने फुप्फुसाला इजा होत नाही. चालल्यावर लागणारी, थांबल्यावर दोन-चार मिनिटांत बसणारी धाप आईंचं, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं, फुप्फुस झिजवत नाही. ती त्रासदायक असते, भीती घालते, पण तिच्यामुळे आजार वाढत नाही. हे वाक्य तुम्ही पाठ करा, तुमच्या यजमानांना सांगा आणि आईंना तर दहादा सांगा. त्यांना आतून वाटत असणार की प्रत्येक धापेसरशी आपलं आयुष्य थोडं कमी होतंय. माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाला तसं वाटत असतं, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

धाप का लागते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सीओपीडीमध्ये श्वासाच्या बारीक नळ्या अरुंद झालेल्या असतात. हवा आत शिरते, पण बाहेर पडायला फार वेळ घेते. स्वारगेटला भरलेली बस डोळ्यांसमोर आणा. उतरणारे उतरायच्या आत चढणाऱ्यांनी घुसायला सुरुवात केली तर आत नुसती रेटारेटी होते. आईंच्या छातीत तेच होतं. घाईघाईने चालल्या की श्वासाचा वेग वाढतो, जुनी हवा निघायच्या आत नवी येते, फुप्फुस फुगून राहतं आणि श्वासाचा पडदा दाबून सपाट होतो. मग कितीही ओढलं तरी 'श्वास पुरत नाही' असं वाटतं. म्हणून कित्येकदा यंत्रावर ऑक्सिजन ९३ असतो आणि माणूस मात्र कासावीस झालेला असतो. आकडाही खरा असतो आणि कासाविशीही.

आता खरी गोम. आईंना जी धाप लागते ती सगळी फुप्फुसाची नाही. तिच्यातला मोठा वाटा पायांचा आहे. पाच दिवस दवाखान्यात आणि नंतर इतके दिवस पलंगावर म्हटल्यावर मांड्यांचे स्नायू वितळल्यासारखे होतात. वापरात नसलेला स्नायू थोड्या कामालाही लवकर थकतो, जास्त कार्बन डायऑक्साइड तयार करतो आणि तो बाहेर टाकण्याचं काम आधीच थकलेल्या फुप्फुसावर पडतं. म्हणून धाप जास्त, म्हणून हालचाल कमी, म्हणून पाय आणखी बारीक. या चक्रात फुप्फुसाची जी बाजू गेली ती परत आणायचं औषध आज कुणाकडे नाही. पायांची बाजू मात्र परत येते. पल्मोनरी रिहॅबने स्पायरोमेट्रीचा, म्हणजे यंत्रात फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीचा, रिपोर्ट बदलत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तीन महिन्यांनी रिपोर्ट बघून तुमचा हिरमोड होईल. बदलतं ते हे : जिथे आज पाच पावलांत धाप लागते तिथे पन्नास पावलं जाता येतं.

हे मी पुस्तकातून शिकले, पण त्याआधी माझ्या घरात ते उलटं बघितलं होतं. माझी आजी अशीच, मावळातली, जन्म चुलीपुढे गेलेला. तिला धाप लागायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिची कामं काढून घेतली. आधी पाणी भरणं, मग केर, मग भाजी निवडणं. शेवटी पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हाताला लावून द्यायचो. ती पितळेचा तांब्या धरायची तेव्हा मनगट थरथरायचं ते मला अजून दिसतं. वर्षभरात ती आधाराशिवाय खुर्चीतून उठेनाशी झाली. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तरी मला कळलं नाही की तिला पलंगावर आमच्या मायेने बसवलंय. तुमचं पत्र वाचताना 'सगळं मी हातात देते' या चार शब्दांवर मी थांबले ते त्यामुळे. तुम्ही मनापासून करताय, मला माहीत आहे. पण आईंना पाणी प्यायचं असेल तर तांब्या ओट्यावर राहू द्या आणि त्यांना तिथवर जाऊ द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. घरी केलेला व्यायाम खरा की नुसतं समाधान? खरा. सीओपीडीत व्यायामाच्या उपयोगाबद्दल आता वाद उरलेला नाही. २०१५ मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने रुग्णांवर झालेल्या ६५ चाचण्या एकत्र तपासल्या आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की 'व्यायाम द्यावा की नेहमीचेच उपचार पुरेत' असा प्रयोग पुन्हा करायची गरज नाही, असंच त्यावर म्हटलं गेलं. राहिला प्रश्न केंद्र की घर. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १६६ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी करणाऱ्या गटाकडे फिजिओथेरपिस्ट एकदाच गेला, मग आठवड्याला एक याप्रमाणे सात फोन. बस, एवढंच. सामान काय, तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची, घरातला जिना आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या. आठ आठवड्यांनी त्यांचं सहा मिनिटांतलं चालणं दवाखान्यात जाणाऱ्यांइतकंच सुधारलेलं होतं. त्याच चाचणीतली दुसरी गोष्टही लपवत नाही. वर्षभराने दोन्ही गटांतला फायदा ओसरला होता. म्हणजे आठ आठवडे हा सुरुवातीचा टप्पा आहे, त्यानंतरही चालू ठेवावं लागतं, जसं पंप चालू ठेवतो तसं.

केंद्र सुटलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेतल्या जवळजवळ दोन लाख वृद्ध रुग्णांची माहिती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सीओपीडीने दवाखान्यात राहून आलेल्यांपैकी ९० दिवसांत हा व्यायाम सुरू केलेले होते फक्त १.५ टक्के. तिथेही अंतर, वाहन, सोबतीला माणूस नसणं हेच आड येतं. मात्र उशीर फार करू नका. घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत सुरुवात झाली तर पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते. तुमचे चार आठवडे उलटून गेले असले तर आजपासून.

पण 'घरी' म्हणजे 'कुणाला न विचारता' असं नाही. मेलबर्नमध्येही पहिली भेट माणसाची होती, यंत्राची नव्हे. एकदा, एकदाच, आईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि तीन गोष्टी विचारा. हृदयाचं काही आहे का, ईसीजी आणि गरज वाटली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का. सहा मिनिटं चालण्याची चाचणी झाली का आणि चालताना ऑक्सिजन कितीवर आला. ही चाचणी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात करतात, फाइलमध्ये मीटरमध्ये आकडा असेल, तो लिहून आणा. आणि तिसरं, व्यायामाआधी आराम देणारा पंप घ्यायचा का. बऱ्याच जणांना डॉक्टर दहा-पंधरा मिनिटं आधी दोन पफ घ्यायला सांगतात. तिथेच आईंना पंप घेऊन दाखवायला सांगा. पंप दाबतात आणि श्वास नंतर ओढतात, औषध सगळं जिभेवर, असं मी रोज बघते. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध साठवणारी पोकळ नळी, लावला की ही चूक बरीच टळते. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. त्या एका खेपेला तीन मजले चढायचे आहेत, ते कसं ते पुढे सांगते. छातीची फिजिओथेरपी करणारी व्यक्ती एकदा घरी आली तर उत्तमच. मग महिनाभर फोनवर भागतं.

सीओपीडीऐवजी कुणाला फुप्फुसं कडक होण्याचा आजार असेल, आयएलडी म्हणतात तो, आणि हे वाचून सुरुवात करायचा विचार असेल, तर त्यांनी जास्त जपायचं. त्या आजारात चालताना ऑक्सिजन फार झपाट्याने उतरतो. त्यांनी चाचणी झाल्याखेरीज घरी सुरू करू नये.

आता पहिला धडा, फुंकरीचा. हा चालण्याच्याही आधी शिकवायचा. आईंना चहा बशीत ओतून प्यायची सवय असेलच. बशी हातात द्या. गरम चहा सांडू न देता निववायला आपण जशी फुंकर घालतो, ओठांचा चंबू करून, हलकी, लांब, पृष्ठभागावर नुसती सुरकुती उठेल इतकी, तशी फुंकर. नाकाने श्वास घ्यायचा, मनात एक-दोन. फुंकरीने सोडायचा, एक-दोन-तीन-चार. ओठ अर्धवट मिटल्याने नळ्यांमध्ये थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघून जाते. बसमधले उतरणारे उतरतात. एक काळजी घ्या. तुमच्या आईंनी चाळीस वर्षं फुंकणी फुंकली आहे. 'फुंकर घाला' म्हटलं की त्यांच्या गालांना आणि पोटाला फुंकणीची सवय आठवेल आणि त्या जोर लावतील. फुंकणीची फुंकर नको. जोर लावला की अरुंद नळ्या आणखी दबतात. बशीचीच हवी. मी रुग्णांना पहिले दोन दिवस खरोखर चहाच्या बशीवरच शिकवते. चहा बशीबाहेर उडाला तर फुंकर चुकली, इतकी सोपी परीक्षा.

त्यासोबत धाप बसवायची जागा शिकवा. टेबलावर उशी ठेवून त्यावर कोपरं टेकून पुढे वाकून बसायचं, खांदे सैल. उभं असताना ओट्यावर किंवा खिडकीच्या कठड्यावर हात टेकून थोडं वाकायचं. हात टेकले की खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. तुमच्यापैकी कुणी पाठीवरून हात फिरवत 'घाबरू नका' एवढंच म्हणा. चार जणांनी भोवती उभं राहून वारा घालत 'काय होतंय, काय होतंय' विचारलं की श्वास दुप्पट होतो. हे दोन्ही आईंना बसल्या जागी जमलं, की त्यांच्या हातात धापेची चावी आली म्हणायचं. मग चालायची भीती निम्मी होते. दोनदा तुम्ही त्यांना चालवलंत तेव्हा नेमकं हेच त्यांच्याजवळ नव्हतं.

चालणं घरातच सुरू करा. हॉलच्या दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत किती पावलं होतात ते मोजा, वाटेतली पायपुसणी आणि टीपॉय उचलून ठेवा, दोन्ही टोकांना एकेक खुर्ची ठेवा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट चालायचं, एक मिनिट टेकायचं, असं पाच वेळा. म्हणजे चालणं पाचच मिनिटं. झेपलं तर दर दोन-तीन दिवसांनी मिनिटभर वाढवायचं. हळूहळू विश्रांती कमी आणि चालणं जास्त. आठवड्यातले पाच दिवस, आणि दीड-दोन महिन्यांत एकूण वीस ते तीस मिनिटांवर जायचं, मध्ये थांबून का होईना. कितीला थांबायचं? धापेला शून्य ते दहा आकडे द्या. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे आता जीव जातो की काय. आईंनी तीन-चारवर राहायचं. आकडे नको वाटले तर बोलून बघा. एक वाक्य बोलता येतं, पण एका दमात अख्खी ओवी म्हणता येत नाही, इथे व्यायाम लागू पडतो. ओवी सहज म्हणता येत असेल तर पावलं जरा वाढवा. दोन-तीन शब्दांतच श्वास तुटत असेल तर जास्त झालं. शून्यावर राहून व्यायाम होत नाही, हे मात्र आईंना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. थोडी धाप हवीच.

मला सगळ्यात मोलाचा वाटणारा व्यायाम खुर्चीतून उठण्या-बसण्याचा आहे. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवायची. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, हात छातीवर घडी घातलेले. उठताना फुंकर, उभं राहून नाकाने श्वास, बसताना पुन्हा फुंकर आणि हळू, धप्पकन नाही. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी हरकत नाही, पाच वेळा उठल्या तरी चालेल. दोन मिनिटं थांबून पुन्हा पाच. एक दिवसाआड. हे जमायला लागलं की संडासातून उठणं, पलंगावरून उठणं, रिक्षातून उतरणं आपोआप सुधारतं. माझ्या एका रुग्णबाई, पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या, दीड महिन्याने मला काय म्हणाल्या सांगू? 'आता सून कामावर गेल्यावर मला लघवी धरून बसावं लागत नाही.' त्यांच्या फाइलमध्ये मी सहा मिनिटांच्या चालण्याचा आकडा लिहिला होता. खरा आकडा त्यांनी सांगितला तो होता.

त्याच दिवशी ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा, आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत घेऊन खांद्यापर्यंत उचलणं आठ-दहा वेळा. बाटलीत पाणी आधी निम्मंच भरा. हात वर केले की आईंना जास्त धाप लागेल, केस विंचरताना किंवा दोरीवर कपडे टाकताना लागते तशी. छाती आणि खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात तेच आपण दुसऱ्या कामाला लावतो, म्हणून. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उचलताना फुंकर, खाली आणताना नाकाने श्वास.

जेवणानंतर दीड-दोन तास व्यायाम नको. भरल्या पोटी पडद्याला जागा उरत नाही. त्याच कारणाने पोटभर दोन जेवणांऐवजी थोडं थोडं चार वेळा द्या, आणि त्यात डाळ, उसळ, ताक, चालत असेल तर अंडं, असं काही रोज पडू द्या. स्नायू व्हायला माल लागतो.

ऑक्सिमीटरबद्दल. बसून ९४ हा आकडा समाधानाचा आहे, पण आपल्याला चालतानाचा बघायचाय. पहिले काही दिवस चालून थांबल्याबरोबर बोटाला लावा, बोट गार असेल तर चोळून ऊब आणा, नखाला रंग असेल तर काढा, आणि अर्धा मिनिट आकडा स्थिरावू द्या. ८८ च्या खाली गेला तर थांबायचं, बसायचं, फुंकर चालू ठेवायची. ९० च्या वर आला की पुन्हा, पण हळू. रोज रोज ८८ च्या खाली जात असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवा, काहींना चालताना ऑक्सिजन लावावा लागतो. तो कमीपणा नाही, चष्म्यासारखाच आधार आहे. दहा-बारा दिवस आकडे ठीक आले की मात्र यंत्र कपाटात ठेवून द्या. दर पाच मिनिटांनी बोट पुढे करणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांचं लक्ष पायांवरून उडून आकड्यावर बसतं आणि ९३ चा ९२ झाला की धाप लागते.

आणि ते तीन गोळ्यांचं यंत्र. आईंना आवडत असेल तर करू द्या, पण गोळ्या वर गेल्या म्हणजे रिहॅब झालं असं समजू नका. ते शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घ्यायला बरं. मांड्या त्याने तयार होत नाहीत. प्राणायामाचंही विचारतात लोक. सावकाश दीर्घ श्वसन चांगलं, अनुलोम-विलोम श्वास न कोंडता झेपेल तितकं करावं. कपालभाती आणि भस्त्रिका आईंना नकोत, कारण तेच, जोराने उच्छ्वास टाकला की नळ्या दबतात. श्वास कोंडून धरायचा कुंभकही नको.

तिसऱ्या मजल्याचं आता. जिना ही शिक्षा न समजता आठव्या आठवड्याचं ध्येय समजा. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून फक्त एक जिना, वरून अर्धा खाली आणि परत वर. कठडा धरायचा. पायरीवर उभं राहून नाकाने श्वास घ्यायचा, आणि फुंकर सोडता सोडता दोन पायऱ्या चढायच्या. थांबायचं. पुन्हा श्वास. श्वास रोखून धडाधड चढून वर जाऊन बसू, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच घात होतो. सोसायटीला विचारून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकेक प्लास्टिकची खुर्ची ठेवा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा की आई बसलेल्या दिसल्या तर त्या व्यायाम करतायत, धावत येऊ नका.

खाली उतरायला लागल्या की पुण्याच्या हवेचा विचार करावा लागेल. 'पहाटेची शुद्ध हवा' हे थंडीत आपल्या शहरात खरं नाही. हिवाळ्यात पहाटे गार हवा खाली बसते, तिच्यात वाहनांचा, शेकोट्यांचा, पाचोळा जाळल्याचा धूर अडकून राहतो. थंडीत दहानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास चाला, कर्वे रस्त्यावर नको, आतल्या गल्लीत किंवा सोसायटीच्या आवारात. पाषाणच्या हवामान संस्थेच्या 'सफर' या सेवेवर पुण्याच्या हवेचा अंदाज रोज बघता येतो. हवा वाईट असेल त्या दिवशी घरातल्या घरात. आणि घरातली हवा आपल्या हातात आहे. डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं मोजलेलं आहे, ती आजच बंद करा, मच्छरदाणी लावा. धूप-उदबत्ती आईंच्या खोलीत नको. मिरचीची फोडणी देताना त्यांना दुसऱ्या खोलीत बसवून दार लोटा. मशेरी पूर्ण सुटली नसेल तर ती सोडवा, विशेषतः घरात भाजणं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी आहेत, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर सोसणारे सुमारे ३०० कोटी. आईंना सांगा, हा आजार त्यांच्या कुठल्या चुकीने आलेला नाही. त्या घरासाठी चुलीपुढे बसल्या. कित्येक बायका हा आजार लाज वाटल्यासारखा अंगावर काढतात, कारण 'फुप्फुसाचा आजार म्हणजे व्यसनाचा' असं त्यांनी ऐकलेलं असतं.

वन्संबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती तुम्हाला लागली आहे. 'आजारी सासूला कामाला लावते' हे ऐकून घेण्यापेक्षा सगळं हातात देणं सोपं, असं वाटणं साहजिक आहे. त्या लेकीच्या जागी उभं राहून बघा. साताऱ्याला बसून तिला आईची धाप फोनवर ऐकू येते आणि करता काही येत नाही. तिला काम द्या. मेलबर्नच्या त्या चाचणीत आठवड्याचा फोन हाच अर्धा उपचार होता. कुणीतरी विचारणारं आहे म्हणून माणसं उठत होती. तो फोन वन्संनी करायचा. दर रविवारी, ठरलेल्या वेळी. 'कशी आहेस' विचारायचं नाही, 'या आठवड्यात किती वेळा उठलीस-बसलीस, पुढच्या आठवड्यात किती करशील' असं विचारायचं. हे माझं पत्र त्यांना वाचायला पाठवा. फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितलंय, सुनेने नाही, असं खुशाल सांगा. आईही लेकीला दिलेला शब्द मोडणार नाहीत.

कधी थांबायचं ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. छातीत दुखणं किंवा दाब, घाम फुटून चक्कर, ओठ निळसर, भलतीच गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, बसून फुंकर घालूनही धाप न बसणं, एक शब्दही न फुटणं. यातलं काहीही झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा. कफ वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, ताप आला, पावलं सुजली किंवा एकच पाय सुजून दुखायला लागला, तर त्या दिवशी व्यायाम नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. बरं वाटल्यावर जिथे सोडलं तिथून नव्हे, निम्म्यावरून सुरू करायचं. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तेही त्या एका खेपेत विचारून घ्या. मांड्या दुखणं, दुपारी झोप येणं, यासाठी थांबायचं नाही. पहिले पंधरा दिवस काहीच फरक जाणवणार नाही, तेव्हाच बहुतेक घरं सोडून देतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आई स्वतः काहीतरी बोलतील.

डॉक्टरांची भेट आटोपली की येत्या सोमवारी सुरू करा. नाश्ता होऊन दीड तास झाला की सांगितलेला पंप, मग दहा मिनिटं बशीची फुंकर. खुर्ची भिंतीला टेकवा आणि घड्याळ लावून बघा, एका मिनिटात आई किती वेळा उठून बसतात. मध्ये थांबल्या तरी मोजणं चालू ठेवा. सहा असेल, आठ असेल, चारही असेल. दर सोमवारी तेवढंच एकदा मोजायचं. तीनने वाढला तर आम्ही तो खरा फरक धरतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असेल, तुम्ही त्यात दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहीत असाल. सोमवारच्या चौकटीत दुधाखाली तो आकडा लिहा, आईंना लिहिता येत असेल तर त्यांच्याच हाताने. आणि आठवा सोमवार झाला की मला कळवा. मी वाट बघते.